तुझी जेलीफिश राणी खाते काय?

"ताई, मी आणि माझे दोन मित्र मिळून एक छोटा व्हिडिओ गेम बनवतोय. समुद्राच्या तळाशी एक राज्य आहे, त्यातली पात्रं काढायचं काम माझ्याकडे आहे. आतापर्यंत नऊ झाली. जेलीफिश राणी, शार्क सेनापती, ऑक्टोपस शास्त्रज्ञ, घोडामासा निरोप्या वगैरे. चित्रं सोबत पाठवतेय. एक मित्र म्हणतो, सगळी एकाच माणसाला वेगवेगळे पोशाख घातल्यासारखी दिसतात. दुसरा म्हणतो, असं काहीतरी आधी पाहिलंय. रंगसुद्धा सगळ्यांचे निळ्या-हिरव्याच्या आसपासच घुटमळतायत. स्वतःचं, नवं वाटेल असं पात्र कसं सुचतं? आणि खऱ्या प्राण्याला किती धरून राहायचं?" — निळाई

प्रिय निळाई,

नऊही चित्रं मोठी करून, नीट पाहिली. तुझा हात चांगला आहे. कापडाच्या चुण्या, बोटं, मानेचं वळण हे सगळं तुला जमतं. पण तुझा पहिला मित्र बरोबर बोलतोय. तू आधी माणूस काढलास आणि प्राणी मागाहून त्याच्यावर चढवलास. राणीच्या डोक्यावर जेलीफिशची छत्री मुकुटासारखी बसली, सेनापतीच्या पाठीवर एक पर आला, शास्त्रज्ञाच्या झग्याखालून आठ हात डोकावले. ते सगळं पुसून टाकलं तर खाली उरतो एकच उंच, सडपातळ, ताठ उभा राहणारा तरुण माणूस. नऊ वेळा तोच.

तेव्हा पुढचं काही काढण्याआधी मला एवढं सांग: तुझी राणी खाते काय? हलते कशी? तिला भीती कशाची? चित्रात याची उत्तरं नाहीत. खऱ्या जेलीफिशकडे मात्र आहेत, आणि ती तुझ्या राणीपेक्षा कितीतरी विलक्षण आहेत.

जेलीफिशला मेंदू नसतो, हृदय नसतं. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच. तोंड एकच, अन्न जिथून आत जातं तिथूनच उरलंसुरलं बाहेर पडतं. पण मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती तिच्या जन्माच्या रीतीची. आपण जिला जेलीफिश म्हणतो ती तरंगती छत्री म्हणजे तिच्या आयुष्याचा एक टप्पा झाला. त्याआधी बऱ्याच जातींमध्ये ती खडकाला चिकटलेल्या, काही मिलिमीटर उंचीच्या देठासारखी असते. त्याला पॉलिप म्हणतात. पॉलिप जागचा हलत नाही. वेळ आली की त्याच्या अंगावर आडव्या चकत्या पडत जातात, आणि एकेक चकती सुटून पोहत निघून जाते. तिचीच पुढे जेलीफिश होते. म्हणजे त्या सगळ्या एकाच अंगातून निघालेल्या, जनुकांनी हुबेहूब सारख्या.

आता राणीकडे पुन्हा बघ. दरबारात डौलात तरंगणाऱ्या वीस राण्या, सगळ्यांचा चेहरा एकच. खरी राणी मात्र सिंहासनामागच्या कपारीत, नखाएवढी, खडकाला चिकटलेली. खेळाडू अर्धा गेम चुकीच्या राणीशी बोलत राहील. यात आणखी एक धागा गुंफता येईल. टरिटॉप्सिस डोहर्नी नावाची एक चिमुकली जेलीफिश आहे. तिला इजा झाली किंवा उपासमार झाली, तर ती मोठी झालेली असूनही पुन्हा पॉलिप होऊ शकते आणि आयुष्य नव्याने सुरू करू शकते. ती वेगळ्या कुळातली आहे, पण तुझ्या राज्यात दोघींना एकत्र आणायला तुला कोणी अडवणार नाही. लढाईत जखमी झालेली एखादी राणी तळाशी जाऊन बसली, तिथेच रुजली, आणि आता राज्यात दोन मुळं झाली. गादीचा वाद तिथेच सुरू. बघ, पोशाखाचा एक दोराही न काढता पात्र उभं राहिलं, आणि कथाही त्याच्यासोबतच आली.

माझं सगळं सांगणं याच्याच भोवती आहे. प्राण्याचं रूप उचलण्याआधी त्याच्या जगण्यातली एक अडचण उचल. त्या प्राण्याने ती अडचण कशी सोडवली ते बघ, आणि ते उत्तर पात्राच्या शरीरात, स्वभावात, खेळण्याच्या पद्धतीत शेवटपर्यंत ने. एका पात्राला एकच. पाच गोष्टी एकदम घेतल्यास की पुन्हा सजावट सुरू होईल.

तुझा ऑक्टोपस शास्त्रज्ञ घे. ऑक्टोपस हुशार, म्हणून शास्त्रज्ञ, हे सगळ्यांनाच सुचतं. पण ही हुशारी राहते कुठे? त्याच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश हातांमध्ये असतात. हात बरंचसं काम डोक्याला न विचारताच उरकतात. चाचपतात, चव घेतात, पकडायचं की सोडायचं ते ठरवतात. मग तुझ्या शास्त्रज्ञाचं डोकं "थांबा, अजून नको" म्हणत असताना एका हाताने बाटली उघडलेलीही असेल. त्याचं हातांशी भांडण चालत असेल. एखादा हात गमावला आणि नवा उगवला, तर त्या नव्या हाताला जुनं काही येत असेल का? या प्रश्नातून एक अख्खी मोहीम निघते.

ऑक्टोपसमध्येच आणखी एक पात्र दडलंय, त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या मॉन्टेरी दरीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, २००७ साली संशोधकांना एक मादी अंड्यांवर बसलेली दिसली. यंत्रपाणबुडी पाठवून ते पुन्हा पुन्हा तिला पाहायला गेले. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटायची. दरवेळी तीच, त्याच खडकावर. तिला काही खाताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कातडी फिकट आणि सैल होत गेली, डोळे धूसर झाले. २०११ मध्ये ते गेले तेव्हा ती नव्हती, अंड्यांची रिकामी टरफलं तेवढी उरली होती. ५३ महिने! तुझ्या राज्याच्या वेशीवर अशी एक पहारेकरीण ठेव. तिच्याशी लढायचं नाही, तिला ओलांडूनही जायचं नाही. खेळाडू दर टप्प्यानंतर परत येईल तेव्हा ती थोडी अधिक फिकट दिसेल, एवढंच. तिच्यासाठी संवादाची एक ओळही लिहावी लागणार नाही.

सेनापती शार्क असणं मला खटकलं, ते त्याच्या सुळ्यांमुळे. तो दात विचकतो, ओरडतो, आणि तसे शार्क आपण पुष्कळ पाहिलेत. ग्रीनलंड शार्क बघ. २०१६ साली डोळ्याच्या भिंगातल्या कार्बनवरून त्यांची वयं काढली, तेव्हा त्यातली सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची असावी असं निघालं. हा मासा वयात येतो तोच दीडशे वर्षांच्या आसपास. पोहतो ताशी जेमतेम सव्वा किलोमीटरने. पुष्कळांच्या डोळ्यांना एक परजीवी चिकटलेला असतो आणि त्याने नजर अधू होते असं मानलं जातं. असा सेनापती, जो कधी घाई करत नाही, ज्याने तुझ्या राज्याचे पाच राजे पाहिलेत, जो नीट बघू शकत नाही पण तू पाण्यात आहेस हे ज्याला कळतं. खेळाडू त्याच्यापासून सहज पळू शकतो, आणि तरी तो येतच राहतो. ओरडणाऱ्यापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटेल.

घोडामासा निरोप्या हे तर पार उलट झालं. घोडामासा समुद्रातल्या सगळ्यात संथ माशांपैकी एक. शेपटीने गवताला धरून राहतो. त्याला जठरच नसतं, म्हणून जवळजवळ सतत खावं लागतं. निरोप पोचायचा कधी? पण एका गोष्टीत तो पटाईत आहे. त्याच्या तोंडाची ठेवण अशी की नाकापुढचं पाणी जवळजवळ हलतच नाही. सावज म्हणजे इवलेसे कवचधारी जीव, पाण्यातली जराशी हालचाल झाली तरी निसटणारे. त्यांच्याजवळ तो चाहूल न देता पोचतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत आत ओढून घेतो. ठेंगण्या घोडामाशाचा अभ्यास झालाय, त्यात शांत पाण्यात दहापैकी नऊ वेळा शिकार साधलेली दिसली. तुझा निरोप्या मारेकरी आहे, निळाई. त्याला तसं वागू दे.

आता शरीराकडे येऊ. खेळाडूला पात्राशी जवळीक वाटावी म्हणून दोन हात, दोन पाय, कंबर आणि खांदे लागतात असं नाही. त्याला तीन गोष्टी कळाव्या लागतात: हे कुठे बघतंय, याला काय हवंय, आणि वार कुठून येणार. त्या कळल्या की बाकी शरीर कसंही असो. तारामासा घे. त्याला पुढचं-मागचं असं काही नसतंच. डोळ्यांचे ठिपके हातांच्या टोकांवर आणि तोंड खाली. गेममध्ये हे अवघड, कारण तो कोणाकडे वळलाय ते समजणार कसं? पण ही अडचण सोडवताना तुला जे सुचेल ते नवंच असेल. कदाचित ज्या दिशेला तो निघणार तो हात आधी किंचित वर उचलला जाईल. लेप्या माशाचंही तसंच. अंड्यातून निघतो तेव्हा डोळे दोन्ही बाजूंना, वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो, आणि मग आयुष्यभर एका कुशीवर पडून राहायचं. बहुतेक जण पात्र काढताना डावी-उजवी बाजू आरशात धरल्यासारखी सारखी ठेवतात, आणि म्हणूनच असा वाकडा चेहरा गर्दीत लगेच ओळखू येतो.

तपशिलात शिरण्याआधी हालचाल ठरव. मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, डॉल्फिन वर-खाली. माकूळ पाण्याची चिळकांडी सोडून उलट्या दिशेने सुटतो. पाकट पंख मारल्यासारखं जातं, खेकडा बाजूने. नऊ पात्रांच्या नऊ चाली असतील, तर लांबून, धुरकट पाण्यातही ती ओळखू येतील. आधी नुसता एक ठिपका हलवून बघ. ठिपक्याच्या चालीतच पात्र दिसलं पाहिजे. मग त्याच्यावर चित्र चढव.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही तिघंच आहात. ऑक्टोपसच्या प्रत्येक हाताला रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवण्यासाठी आत बसवलेल्या सांगाड्यात, दहा-बारा हाडं दिलीत तरी एकूण आकडा कुठे जातो ते ॲनिमेशन करणाऱ्या मित्राला आजच विचार. आठातले दोन-तीन हात काम करतील, बाकीचे अंगाशी गुंडाळलेले राहतील, असं पात्राच्या स्वभावातच बसवलंस तर पुढचे काही महिने वाचतील.

रंगांबद्दल. निळा रंग पाण्याचा आहे. तो पार्श्वभूमीत भरपूर येणारच आहे, पात्रांनाही तोच दिलास तर ती त्यात विरघळतील. कोणाला कुठला रंग द्यायचा ते खोलीवरून ठरव. पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो. साधारण २०० मीटरखाली वनस्पतींना पुरेल एवढाही उजेड नसतो, आणि १,००० मीटरखाली सूर्य पोचतच नाही. म्हणून उथळ प्रवाळात पिवळा, केशरी, जांभळा यांची उधळण चालते. मधल्या पट्ट्यात लपायला आडोसाच नाही, तिथले जीव पारदर्शक किंवा चंदेरी. हॅचेटफिशच्या पोटाला तर दिवे असतात, वरून झिरपणाऱ्या उजेडाशी ते जुळतात आणि खालून बघणाऱ्याला त्याची सावलीच दिसत नाही. अगदी खोलवर बरेच प्राणी लालभडक असतात. जिथे लाल प्रकाशच नाही तिथे लाल म्हणजे काळाच. तुझ्या राज्याच्या तीन मजल्यांसाठी तीन रंगपेट्या आपोआप तयार झाल्या की नाही?

आणि खालच्या मजल्यावर मॅलाकोस्टियस नावाचा मासा राहतो, त्याला विसरू नकोस. त्याच्या डोळ्याखाली लाल दिवा असतो. तिथल्या जवळजवळ कुणालाच लाल दिसत नाही, याला दिसतं. तो समोरच्यावर उजेड टाकून बघतोय हे समोरच्याला कळतच नाही. लपाछपीचा अख्खा खेळ त्या एका दिव्यात आहे.

दुसऱ्या मित्राच्या "आधी पाहिलंय"बद्दल. निन्टेन्डोच्या २०१५ सालच्या 'स्प्लॅटून' गेममध्ये मुलं माकूळ होतात आणि शाईत पोहतात. पण त्याची सुरुवात माकुळाने झाली नव्हती. बनवणाऱ्यांकडे आधी शाई उडवून जमीन रंगवायचा खेळ होता. त्यात टोफूसारखे दिसणारे साधे ठोकळे एकमेकांवर शाई उडवायचे. मग सशांचा विचार झाला. शेवटी माकुळावर येऊन थांबले, कारण शाई सोडणं, रंगात मिसळून जाणं, रूप पालटणं हे सगळं त्या एका प्राण्यात नीट बसत होतं. आज तू माकूळ आणि शाई इथून निघालीस तर त्यांच्याच दारात पोचशील. तुमच्या गेममध्ये खेळाडू मुख्यतः करतो काय, लपतो, बांधतो, वाटाघाटी करतो? पत्रात तू ते लिहिलंच नाहीस, आणि पात्रांची निवड खरं तर त्यावर ठरायला हवी. तरीही माकुळाच्या नात्यातलंच कोणी हवं असेल तर व्हॅम्पायर स्क्विड बघ. त्याच्याकडे शाईची पिशवीच नाही. खोल अंधारात काळी शाई कोणाला दिसणार? तो हातांच्या टोकांतून चमकणारा चिकट स्राव सोडतो. अडचण तीच, पण अंधारात तिचं उत्तर उलटं झालं.

काही दिवस इतर चित्रकारांची सागरी पात्रं बघणं बंद ठेव. त्याऐवजी यंत्रपाणबुड्यांनी टिपलेली खऱ्या प्राण्यांची चित्रणं बघ. मॉन्टेरी बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटने ती मोठ्या संख्येने खुली केली आहेत. आवाज बंद करून, हातात पेन्सिल घेऊन बघ. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी काचेत घडवलेले समुद्री जीवही शोध. त्यांनी काय ठेवलं आणि काय सोडलं हे न्याहाळताना तुला पुष्कळ शिकायला मिळेल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण तुझ्या नऊ चित्रांत मला तीच सगळ्यात जास्त उणी वाटली. नऊही पात्रं एकटी उभी आहेत. समुद्रात असं एकटं कोणी नसतं. पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा एकाच बिळात राहतात. कोळंबीची नजर कमकुवत, ती दिवसभर बीळ उपसते आणि बाहेर आली की एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दारात पहारा देतो; धोका दिसला की शेपूट थरथरवतो, आणि दोघं आत. हे दोन वेगळे कागद नव्हेत, एकच चित्र आहे. दोन खेळाडूंनी मिळून खेळायचं असेल तर याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

प्रवाळावर क्लीनर रॅस नावाचा छोटा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. मोठे मासे आपणहून येतात, तोंड उघडून थांबतात, आणि तो त्यांच्या जबड्यात शिरून बाहेर येतो. हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखाच नाचत येणारा एक दुसरा मासा आहे. तो जवळ येतो आणि माशाच्या पराचा लचका तोडून पळतो. तुझ्या राज्यातल्या दवाखान्यात असा एक वैद्य बसव. खलनायक शोधायला शार्कपर्यंत जावंच लागणार नाही.

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा, वाढला की त्याला मोठा शंख लागतो. मोठा रिकामा शंख सापडला की कधीकधी बरेच खेकडे जमतात, मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळ लावतात, आणि पहिला नव्या घरात शिरताच दुसरा त्याच्या सोडलेल्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. त्या क्षणापुरतं प्रत्येकाचं मऊ पोट उघडं असतं. तुझ्या राज्यात पैसा कोणता, घर कोणाला मिळतं, रांगेत घुसलं तर काय होतं, सगळं या ओळीत आहे.

राहिला प्रश्न प्राण्याला किती धरून राहायचं. शरीरशास्त्र तू हवं तसं वाकव. शेवंडीला बोलता येऊ दे, तारामाशाला सहावा हात दे, ऑक्टोपसला चष्मा लाव. एक मात्र मोडू नकोस: प्रत्येक ताकदीची किंमत. शेवंडीचं कवच भक्कम असतं, पण ते वाढत नाही. मोठं व्हायचं तर ते उतरवावं लागतं, आणि नवं टणक होईपर्यंत मऊ अंगाने लपून बसावं लागतं. समुद्रकाकडी शत्रूसमोर स्वतःची आतडी बाहेर टाकून निसटते, पण ती पुन्हा वाढेपर्यंत तिला नीट खाता येत नाही. बरेच जण कवच घेतात, कात टाकणं सोडून देतात, आणि मग पात्र नुसतं बलवान होतं. त्यात रस राहत नाही.

समुद्री जीवांबद्दल फुगवून सांगितलेल्या गोष्टी पुष्कळ फिरतात, त्यांच्यापासूनही जप. मँटिस श्रिम्प या कोळंबीसारख्या जीवाच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी असतात हे खरं, पण म्हणून त्याला आपल्याहून लाखो रंग जास्त दिसतात हे खोटं. २०१४ साली तपासलं तेव्हा जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा निघाला. तो बहुधा रंगांची तुलना करतच बसत नाही, झटकन ओळखतो आणि ठोसा मारतो. खरी गोष्ट पात्र म्हणून जास्त चांगली आहे की नाही?

आता काम. नऊपैकी तीनच निवड. मी असते तर राणी, सेनापती आणि निरोप्या घेतले असते. प्रत्येकासाठी कागदावर आधी चार ओळी लिही: खातो काय, भितो कशाला, हलतो कसा, ताकदीची किंमत काय. चित्र त्यानंतर. ते काळ्या रंगाने पूर्ण भरून टाक, अंगठ्याच्या नखाएवढं लहान कर आणि मित्रांपुढे ठेव. "आवडलं का?" विचारू नकोस. विचार, यातलं कोण हळू चालतं, कोणाच्या जवळ जायला भीती वाटते, कोण लपून बसेल. जिथे दोघांचीही उत्तरं चुकतील तेवढंच पुन्हा काढ, आणि मग ती तीन चित्रं मला पाठव.

तुझी,
ताई